फलकाचं माप घ्या, मजकूर तपासू नका

पुण्याला पाट्यांचं वावडं कधीच नव्हतं. दुपारी १ ते ४ बंद, विनाकारण बेल वाजवू नये, पत्ता विचारू नये... या पाट्यांची कीर्ती आपणच हसतहसत जगभर नेली. पण ती पाटी वीतभर असे आणि ज्याची त्याच्या दारावर असे. पाटी अंगावर पडून कोणी दगावल्याचं ऐकिवात नाही.

फलकांचं तसं नाही. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजारच्या चौकात रेल्वेच्या जागेवरचा लोखंडी सांगाडा काढताना सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. ४ जण गेले. १७ एप्रिल २०२३ ला रावेत-किवळे भागात वादळी पावसात फलकाखाली आडोसा घेतलेले ५ जण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा फलक पडला आणि १७ माणसं मेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची होती!

हे सगळं वाचून माझा परदेशातला भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, सगळेच फलक काढून टाका. ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरानं २००७ साली तेच केलं." ऐकायला छान वाटतं. पण अनेक वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे मला लगेच कलम १९ आठवतं. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येईल ती कारणं तिथे मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे. 'आम्हाला आवडलं नाही' हे कारण त्यात नाही.

या बाबतीतला एक मोठा निकाल आपल्या पुण्याच्याच वर्तमानपत्रामुळे लागला आहे. अमुक किमतीला इतकीच पानं द्यायची आणि जाहिरातींना इतकीच जागा, असा कायदा केंद्र सरकारनं १९५६ साली केला होता. मोठ्यांच्या स्पर्धेपासून लहान वृत्तपत्रांना वाचवायचं, असं कारण दिलं होतं. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ साली तो कायदा रद्द झाला. धंद्यावर लोकहितासाठी बंधनं घालता येतात, पण तेच कारण सांगून बोलणं आखडता येत नाही, असं न्यायालयानं बजावलं.

मग पानं मोजणं चूक असेल तर फलकाचे फूट मोजणं बरोबर कसं? वर्गात एखाद्या हुशार मुलानं हा प्रश्न नक्की विचारला असता. माझं उत्तर असं. वर्तमानपत्र मी पैसे देऊन घरात आणते आणि नको वाटलं की घडी घालून ठेवते. रस्त्यावरच्या फलकाची घडी घालता येत नाही. तो सगळ्यांच्या रस्त्यावर सगळ्यांच्या डोक्यावर उभा असतो. चेन्नईच्या फलकांबाबत २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं की खासगी जागेतल्या फलकालाही परवाना लागू शकतो, कारण तो सार्वजनिक रस्त्यावरून दिसतो.

म्हणून नियम हवेतच, पण ते लोखंडाला, मापाला, जागेला आणि मुदतीला असावेत. मजकूर बघून ठरवणारा साहेब नको. एकदा त्याच्या हाती तो अधिकार गेला की पहिला बळी कोणाचा जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

किंबहुना तो जातोच आहे. आमच्या भागातल्या रहिवाशांनी पाणी येत नाही म्हणून एक कापडी फलक लावला होता. परवानगी नव्हती, दोन दिवसांत काढला गेला. ठीक आहे. पण शेजारचा 'भावी नगरसेवका'च्या वाढदिवसाचा फ्लेक्स, तोही विनापरवाना, ऊन-पावसात चेहरा पुसला जाईपर्यंत डोलत राहिला! मालमत्ता विद्रूपणाचा कायदा १९९५ पासून आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. तो दोघांना सारखा लागू झाला असता तर माझी तक्रार नव्हती. एकाचा फलक काढायचा आणि दुसऱ्याचा ठेवायचा, ही माझ्या मते मजकुराचीच तपासणी झाली. फक्त ती कागदावर येत नाही.

आणि 'माणसं कमी आहेत' हे कारण कोणी सांगू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तेच चौक दोन दिवसांत मोकळे होतात. म्हणजे करता येतं!

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक फलकावर परवाना क्रमांक, मुदत, माप, मालकाचं नाव आणि सांगाडा शेवटचा कधी तपासला ती तारीख, खालून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत असावी. नसेल तर काढा, मग तो कोणाचाही असो. आणि दर प्रभागात नागरिकांसाठी एक फुकट फलक ठेवा. मंडळांचे खडूनं लिहिलेले वार्ताफलक आपल्याकडे आहेतच. पाणी येत नाही हे लिहायला १२० फूट लागत नाहीत. चार फूट आणि एक खडू पुरतो. तेवढी जागा मात्र ज्याच्याकडे फ्लेक्स छापायला पैसे नाहीत त्याला हक्कानं मिळाली पाहिजे.

तुमच्या गावात काय चाललंय, जरूर कळवा.