वारसा जपा, पण ब्रेक बदला

अमेरिकेतल्या मसल कारचे युग जिने सुरू केले असे मानतात, त्या 1964 च्या पॉन्टियाक जीटीओचे इंजिन 325 अश्वशक्तीचे होते. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच. पुढे डिस्क ब्रेक मिळू लागले ते 1967 मध्ये, तेही जादा पैसे मोजून.

ड्रम तापला की प्रसरण पावून ब्रेक-शूपासून दूर जातो, लायनरची पकडही सुटते. लांब उतारावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. तरीही ‘मूळ रूप बिघडेल’ म्हणून काही शौकीन ब्रेकला हात लावत नाहीत. मला हे पटत नाही. संग्रहालयात उभ्या गाडीचे ठीक आहे; पण रस्त्यावर समोरून येणाऱ्याने तुमच्या छंदाची जोखीम का घ्यावी?

मात्र नुसत्या डिस्क बसवून भागत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकसाठी वेगळे मार्ग असलेला मास्टर सिलिंडर हवा, आणि मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्हही. नाहीतर जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते.

जुने ड्रम जपून ठेवा. ते केव्हाही परत बसवता येतात. गेलेला जीव परत आणता येत नाही.