आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

संगणक हळू चालू लागला की 'ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या' असा सल्ला देणारे आज गल्लोगल्ली भेटतात. अंग तापले की गोळी घ्या, तसलाच हा प्रकार. ताप मलेरियाचा की उन्हाचा, हे विचारायला कोणाला सवड नसते. हा सल्ला कित्येकदा निदानाशिवायच दिलेला असतो, आणि त्याची किंमत देणारा मोजत नाही, घेणारा मोजतो. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, बैहरला डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बैहरला मामांकडे गेले होते. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. जवळच कान्हाचे जंगल आणि मलाजखंडची तांब्याची खाण. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. राज्याची सीमा बदलली, तरी मोठ्या खरेदीसाठी मामांची पावले आजही गोंदिया-नागपूरकडेच वळतात. मामांचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नाच्या चित्रफिती तयार करणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. त्यांचा संगणक एका कार्यालयातून निघालेला, जुना. एका लग्नाची चित्रफीत जुळवायला तो रात्रच्या रात्र घेई. कोणीतरी कार्डाचा सल्ला दिला. मामांनी जुनी लेन्स विकली आणि वापरलेले एक कार्ड बिलाशिवाय आणले.

कार्ड बसवले तर पडदा काळाच. अर्ध्या दिवसाने कळले, की मॉनिटरची वायर संगणकाच्या जुन्याच खाचेत राहिली होती, ती कार्डाच्या खाचेत हवी होती. चूक हसण्यासारखी, पण अतिशय सार्वत्रिक. वायर बदलली, चित्र आले, सगळे खूष झाले. चित्रफीत जुळवायला लावली आणि दहाव्या मिनिटाला संगणक फटकन बंद! पुन्हा लावला, पुन्हा बंद. मामा म्हणाले, "कार्डच खराब निघालं, बाप्पा. पैसे गेले पाण्यात."

माझा मामेभाऊ आणि मी दोघे मिळून शोध घेऊ लागलो. आम्ही काही इंजिनिअर नाही. मी वाणिज्य शाखेची; हिशेब जुळला नाही की एकेक नोंद तपासायची, एवढेच मला येते. तीच रीत इथे लावली. संगणक कोणताही संदेश न देता झटक्यात बंद पडत असेल तर पहिला संशय विजेवर घ्यावा. पडद्यावर रंगीत ठिपके वा पट्टे दिसले तर कार्डाच्या मेमरीवर. खेळ वा काम हळूहळू मंदावत गेले तर उष्णतेवर. नवे कार्ड बसवल्यावर नुसताच गोंधळ होत असेल तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालून पाहावा. आमचे लक्षण पहिले होते.

आता आकडे पाहा. मदरबोर्डची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. त्याहून अधिक लागली तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर यावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते आणि आठ पिनांची १५० वॅट. मामांच्या कार्डाची भूक १२० वॅटची होती. पॉवर सप्लाय २४० वॅटचा, कार्यालयीन कामापुरता बेतलेला. सहा पिनांची वायर त्यात नव्हतीच. बसवणाऱ्याने हार्डडिस्कच्या वायरीला जोडतुकडा लावून काम भागवले होते. त्या जोडाची बारा व्होल्टवरची मर्यादा अवघी ५४ वॅट! हात लावला तर प्लास्टिक गरम आणि किंचित करपल्याचा वास. संगणक बंद पडत होता ते आमचे नशीबच म्हणायचे.

खात्री करायला तेच कार्ड भावाच्या मित्राच्या, मोठ्या पॉवर सप्लायच्या संगणकात लावले. दोन तास निर्धोक चालले. कार्ड निर्दोष होते.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. कार्ड काढून ठेवून आम्ही मूळ दुखणे तपासले. चित्रफीत जुळत असताना टास्क मॅनेजर उघडला. चार जीबी मेमरी काठोकाठ भरलेली आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती. चित्रफितीच्या कामाला मदत करणारी सोय तर त्यांच्या इंटेल प्रोसेसरातच होती. २०११ पासूनच्या त्या कंपनीच्या अनेक प्रोसेसरांत ती असते. मेमरी सोळा जीबी केली, एसएसडी बसवली. कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत काम मार्गी लागले. लेन्स मात्र परत आली नाही.

कोणी म्हणेल, सामान्य ग्राहकाने एवढे का शिकावे? हे दुकानदाराने पाहायला नको काय? पाहायला हवे, यात वाद नाही. पण ज्याला विकायचे आहे त्याच्याकडूनच निदानाची अपेक्षा ठेवणे हा भाबडेपणा आहे. शिवाय नावावरही विसंबता येत नाही. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले, तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवू शके. २०१८ साली त्याच नावाने स्वस्त मेमरीची आवृत्ती आली. तिची गती सुमारे १७ जीबी. नाव तेच आणि माल निराळा! वापरलेल्या कार्डाची तर वेगळीच कथा. २०२१ साली आभासी चलनाच्या उत्खननामुळे कार्डांचे भाव गगनाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. बिल नसेल तर त्यांचा पूर्वेतिहास कोण सांगणार?

कार्ड घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्रिमितीय आरेखन, ॲनिमेशन, नवे खेळ यांना ते हवेच. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी' हा महासंगणकही अशाच जातीच्या चिपांच्या बळावर २०२० साली जगातील शंभर वेगवान यंत्रांत गणला गेला. पण कार्ड ही खरेदीची शेवटची पायरी असावी. आधी पाच प्रश्न विचारावेत. काम करताना नेमके काय अपुरे पडते? पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि त्यात कोणत्या वायरी आहेत? कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी-उंची मावते काय? प्रोसेसर त्याला पुरा पडेल काय? आणि पक्के बिल मिळेल काय?

माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात संगणकाचे जाणकार विद्यार्थी आहेत आणि हा अंक जसा मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांत निघतो, तसा या पाच प्रश्नांचा एक पानी तक्ता दोन्ही भाषांत काढणे अवघड नाही. महिन्यातून एका शनिवारी गावकऱ्यांचे संगणक विनामूल्य तपासून द्यावेत. विकायचे काही नसलेला माणूसच खरे निदान करू शकतो. तसा एक माणूस मामांना वेळेवर भेटला असता, तर त्यांची लेन्स आज त्यांच्या कॅमेऱ्यावर असती.