गोठ्याच्या शिक्षणात शिवार हवे

कांद्याचे भाव पडले की लासलगाव, निफाड, येवल्याच्या पट्ट्यात सडका, मोड आलेला कांदा उकिरड्यावर जातो, नाहीतर दावणीला. काही दिवसांत गाय लाल लघवी करू लागते. अंगावर गोचीड असतेच, म्हणून पहिला संशय बबेसिओसिसचा येतो आणि त्याचे इंजेक्शन दिले जाते. पण कांद्यातील गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशी फुटत असतील तर त्या इंजेक्शनाचा काय उपयोग? आधी दावणीतला कांदा बंद व्हायला हवा. दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात बोर्डो हे तांबेयुक्त बुरशीनाशक फवारलेल्या बागेतले गवत मेंढ्या आठवडेच्या आठवडे खात राहिल्या, तर यकृतात साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते आणि लघवी तशीच लाल होते. नुकत्याच व्यालेल्या दुधाळ म्हशीत स्फुरदाच्या कमतरतेनेही हेच लक्षण दिसते.

म्हणून पशुसंवर्धनाच्या पदविकेत त्या त्या जिल्ह्यातील पिकांचे वेळापत्रक, फवारण्या आणि चारा हा परीक्षेचा विषय असावा, असे आमचे ठाम मत आहे. 2000 साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होईपर्यंत राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये कृषी विद्यापीठांच्याच छत्राखाली होती. ती वेगळी झाली हे योग्यच झाले. मात्र पदविकेच्या पातळीवर ही विभागणी महाग पडते: कृषी पदविकाधारकाला बोर्डोचे प्रमाण पाठ असते, पशुसंवर्धनाच्या पदविकाधारकाला तांब्याची विषबाधा, आणि शेतकऱ्याच्या दारात या दोघांपैकी एकच जण पोहोचतो.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, ही तक्रार खरी आहे. पण हा विषय फळ्यावर शिकवायचाच नाही. प्रात्यक्षिकाचे काही दिवस गोठ्याऐवजी बागेत आणि बाजार समितीत घालवले तरी पुरे. दुसरा आक्षेप पशुवैद्यकांचा आहे: अर्धवट ज्ञानाने पदविकाधारक स्वतःच उपचार करू लागतील. ही भीती आम्ही हलकी मानत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम 30 नुसार पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच देता येतात, आणि ती रेषा तशीच राहावी. पिकाच्या ज्ञानाने वाढतो तो उपचाराचा अधिकार नव्हे, तर रोगाचा इतिहास विचारण्याची कुवत. सुरगाणा-पेठसारख्या दुर्गम भागातून पदविकाधारक पर्यवेक्षकाने डॉक्टरांना फोनवर ‘ताप नाही, गोचीड नाही, पंधरा दिवस कांदा खातेय’ एवढे सांगितले तरी निदानाची दिशा बदलते. कोवळ्या ज्वारीचे किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, लागले असेल तर सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेत जाणे ‘जनावराने काय खाल्ले?’ याच प्रश्नावर अवलंबून असते. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी आपल्या दवाखान्यातील विषबाधांच्या नोंदी, पीक आणि महिन्यासह, पदविकेच्या शिक्षकांकडे यंदापासूनच द्याव्यात.