बहिरेपणाचा धडा भाषेच्या तासाला

२३ सप्टेंबर हा जागतिक सांकेतिक भाषा दिन. १९५१ साली याच दिवशी रोममध्ये कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाची स्थापना झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१८ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्या प्राथमिक शाळांमध्ये अशा दिवसाची एक रूढ पद्धत आहे. परिपाठाला हेलन केलर यांची गोष्ट सांगायची, मग मुलांच्या कानात कापसाचे बोळे घालून दहा मिनिटं ‘बहिरेपणाचा अनुभव’ द्यायचा आणि ‘अशांना मदत करावी’ हे वाक्य फळ्यावर लिहून तास संपवायचा. यामागच्या तळमळीबद्दल शंका नाही. तरीही ही पद्धत सोडावी आणि बहिरेपणाचा विषय मूल्यशिक्षणाच्या तासातून काढून भाषेच्या तासाला आणावा, असं आम्हाला आग्रहाने म्हणायचं आहे.

कापसाच्या बोळ्यांनी मुलाच्या पदरात नेमकं काय पडतं? आवाज अचानक मंदावल्यावर होणारा गोंधळ. कर्णबधिर माणूस तर डोळ्यांनी जग वाचायला वर्षानुवर्षं शिकलेला असतो. त्याचं ते कौशल्य या खेळात कुठेच येत नाही. अमेरिकेत मिशेल नारिओ-रेडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अपंगत्वाचा असा लटका अनुभव घेतलेल्यांच्या मनात आपुलकी वाढली, पण त्याबरोबर असहायपणा, ओशाळलेपण आणि ‘आपल्यालाही असं झालं तर’ ही भीतीही वाढली. अपंग व्यक्तींशी मिसळण्याबद्दलची त्यांची वृत्ती मात्र सुधारली नाही. मोठ्यांचं हे होत असेल, तर सात-आठ वर्षांच्या मुलांबाबत आपण अधिकच सावध असायला हवं. हेलन केलर यांची गोष्ट वाईट नाही. पण तेवढीच सांगितली, तर मुलांसमोर बहिऱ्या माणसाची दोनच रूपं राहतात, बिचारा किंवा असामान्य. शेजारच्या बाकावर बसून डबा वाटून खाणारा, कधी भांडणारा मित्र त्या गोष्टीत सापडत नाही.

भाषेच्या तासाला सुरुवात आपल्याच मराठीपासून करता येते. ‘ऐकणं’ या एका क्रियापदाचे आपण दोन अर्थ करतो, कानावर पडणं आणि सांगितलेलं मानणं. ‘हा मुलगा ऐकतच नाही’ या वाक्यात त्यामुळे तक्रार दडलेली असते, आणि श्रवणदोष वेळेत लक्षात न आलेलं मूल याच वाक्याखाली हट्टी ठरतं. ‘मूकबधिर’ हा शब्दही मुलांपुढे उलगडावा. बहुतेक कर्णबधिरांच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो. बोली कानावर न पडल्यामुळे ती आपोआप उमटत नाही, एवढंच. पुढे ओठ वाचण्याचा प्रयोग करावा. पात, भात आणि मात हे शब्द आवाज न काढता उच्चारले, तर ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. क आणि ग तर घशाजवळच राहतात. बहिऱ्या माणसाशी हळू आणि मोठ्याने बोललं की काम भागतं, हा समज या पाच मिनिटांत गळून पडतो, आणि तो कुणाचीही कीव न करता.

खरी मेजवानी यापुढे आहे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांत केलेली हिंदी किंवा मराठी नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि चेहऱ्यावरचे भाव हा व्याकरणाचाच भाग असतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली काढलेल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. ‘तुझं नाव काय?’ असं विचारणाऱ्या मराठी मुलाला प्रश्न शेवटी ठेवणारी ही रचना परकी वाटणार नाही. आपल्या वर्गातल्या प्रत्येकाला एक खूणनाव, म्हणजे हाताच्या खुणेतलं नाव, असू शकतं, हे कळलं की मुलं बाकी सगळं विसरतात.

आजूबाजूच्यांना खुणांची भाषा येत असेल तर काय घडतं, याचा दाखला अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आहे. आनुवंशिक कारणांमुळे एकोणिसाव्या शतकात तिथे सुमारे १५५ माणसांमागे एक जण जन्मतः बहिरा होता. मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८५ च्या पुस्तकात दाखवलं, की ऐकू येणारे बेटकरीही खुणांची भाषा सहज वापरत. त्यामुळे बहिरे लोक लग्नं, शेती, मासेमारी, गावकारभार या सगळ्यांत इतरांसारखेच वावरले. त्यांचे कान इतर कुठल्याही बहिऱ्या माणसासारखेच होते, शेजारी मात्र वेगळे होते. वर्गही असंच एक छोटं बेट आहे.

‘आमच्या वर्गात एकही कर्णबधिर मूल नाही’ हा आक्षेप नेहमीचा. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. आजची मुलं उद्या कारकून, डॉक्टर, वाहक आणि पालक म्हणून त्यांना भेटणारच आहेत. दुसरी हरकत श्रवणतज्ज्ञांकडून आणि पालकांकडून येते. आता कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं श्रवणयंत्र, आहे, खुणा शिकवल्या तर मुलाचं बोलणं मागे पडेल, असं त्यांचं म्हणणं. ही काळजी जुनी आहे. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेने याच विचाराने शाळांमधून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्यात अनेक बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याबद्दल २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत जाहीर खेद व्यक्त झाला. इम्प्लांट मोलाचं आहेच. पण पंख्यांच्या आणि चाळीस मुलांच्या गलक्यात तेही अपुरं पडतं, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनी खुणा शिकल्याने कुणाचं बोलणं थांबत नाही.

सर्वांत रास्त हरकत शिक्षकांची आहे: आम्हालाच ही भाषा येत नाही, चुकीचं शिकवलं तर? ही भीती योग्य आहे, आणि म्हणूनच हा तास ऐकू येणाऱ्या शिक्षकाने एकट्याने घेऊ नये. परिसरातल्या कर्णबधिर प्रौढाला शिक्षक म्हणून बोलवावं, सोबत दुभाषी असावा, आणि दोघांनाही मानधन द्यावं. त्यांनी आपल्या अडचणींची कहाणी सांगावी अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांनी भाषा शिकवावी. फळा आणि खडू त्यांच्या हाती असावा, आणि वर्गशिक्षकाने त्या तासाला मुलांच्या बाकावर बसावं.