रंग १०७ कोटी, काम पीडीएफ वाचायचं!

अॅडमिशन झालं की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरात उत्तर ठरलेलं असतं, ‘उसाचं बिल येऊ दे, मग बघू.’ आडसाली ऊस म्हणजे जवळपास दीड वर्षाची वाट. एवढं थांबून तुम्ही बारामतीत दुकानात जाता आणि समोरचा सांगतो, ‘ह्याच्यात फक्त पावणेदोन कोटी रंग आहेत, त्याच्यात १०७ कोटी!’ तो ‘फक्त’ ऐकून खिशातले जादा पैसे काढायच्या आधी जरा हिशोब करा.

पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा या तिघांनी बनतो. ८ बिट पडद्यात प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. तिन्हींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. १० बिटमध्ये पायऱ्या १,०२४, म्हणून आकडा १०७ कोटींवर जातो. पण फुल एचडी पडद्यावर ठिपके किती? १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. एका ठिपक्यावर एका वेळी एकच रंग. मग एका क्षणी पावणेदोन कोटी रंगसुद्धा दिसायचे कुठे? आणि माणसाच्या डोळ्याला ओळखू येणाऱ्या छटांचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे साधारण एक कोटी.

मग १० बिट निव्वळ थापा का? तसंही नाही. संध्याकाळचं आभाळ एडिट करताना पायऱ्या कमी पडल्या की पट्टे दिसायला लागतात. व्हिडिओ एडिटिंग, फोटोग्राफी, अॅनिमेशन यांत पोट भरायचं असेल, तर जरूर घ्या. बाकीच्यांचं काय? नोट्स, कोडिंग, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर. याला ८ बिट भरपूर झालं.

आपल्या कारखान्याचंच बघा. साखरेच्या पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेलं असतं. अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा रंगाचा. पांढऱ्याच्या छटा हव्या तेवढ्या मोजता येतील, पण व्यापार मोजक्या ग्रेडवर चालतो. कामाला लागतो तेवढाच रंग मोजायचा, हा शहाणपणा आपल्या गावात आधीपासून आहे.

खरी गोम वेगळीच आहे. शिडीला पायऱ्या वाढवल्या म्हणून शिडी उंच होत नाही. तसंच रंगांची संख्या वाढली म्हणून रंगांचा आवाका वाढत नाही. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. अशा पडद्यावर लालभडक टोमॅटोही फिका दिसतो. त्यापेक्षा ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधा. सोबत ब्राइटनेस ३०० निट्सच्या आसपास आहे का, ते विचारा. दिवसा खिडकीपाशी बसून वाचताना तोच उपयोगी पडतो.

आणि एक करा. शेतातल्या उसाचा, घरच्यांचा, असा ओळखीचा एक फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा. दोन्ही मशिनवर शेजारी-शेजारी उघडा. तुमच्या डोळ्यांना फरक दिसला आणि तुमच्या कामाला तो लागत असेल, तर खुशाल पैसे द्या. नसेल, तर तेवढ्यात रॅम वाढवून घ्या. चार वर्षं तीच साथ देईल.