श्रावणात उघडा वस्तरा

श्रावण लागला की आपल्या दुकानांतल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. महिनाभर दाढीला वस्तरा न लावण्याचा नेम पाळणारी गिऱ्हाइकं आजही गावोगाव आहेत. गणपतीच्या तोंडावर गर्दी होईपर्यंत गल्ला मंदच राहतो. याच महिन्यात वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी येते. धोकटीतल्या आरशात ज्यांनी विवेक पाहिला आणि चिमट्यात वैराग्य, त्यांचं स्मरण करताना यंदा व्यावसायिक बांधवांना एक विनंती आहे. घरात वाडवडिलांचा अखंड पात्याचा वस्तरा पडून असेल तर तो बाहेर काढा, त्याला धार लावा आणि त्याने स्वतःची दाढी करा.

गिऱ्हाइकाच्या गालाला मात्र अर्धं ब्लेड घालायचा वस्तराच हवा, आणि ब्लेड त्याच्यादेखत नवं काढलेलं हवं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस यांच्या धोक्यामुळे आपण ही शिस्त अंगी बाणवली. ती तसूभरही ढिली होता कामा नये. अखंड पातं नुसतं पुसून एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. पण ब्लेड टाकून देण्याच्या सवयीबरोबर आपल्या हातातली एक विद्याही गेली. धार कशाने जाते आणि कशाने परत येते, हे कळण्याची गरजच उरली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या निगुतीने करणारे आपल्यातले कितीतरी जण स्वतःची दाढी घाईत उरकतात, याची मला खंत वाटते.

जुन्या वस्तऱ्याची घडणच विचारपूर्वक केलेली असते. पाठ जाड, पोट दोन्ही बाजूंनी खोलगट, धार कागदाहून पातळ. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि धारेचा कोन, साधारण १६ ते १७ अंशांचा, आपोआप साधतो. म्हणून पाठ उचलायची नाही आणि दाब द्यायचा नाही. खांडे पडलेले असतील तरच १००० नंबरचा दगड घ्यावा. एरवी ८००० किंवा त्याहून बारीक दगडावर काम भागतं. दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. दर दाढीआधी पट्टा लावलाच पाहिजे. दगडाची गरज मात्र महिनोन्‌महिने पडत नाही.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसं होतं? एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. पण पोलाद आतून सगळीकडे सारखं नसेल, तर कठीण आणि मऊ कण जिथे शेजारी येतात नेमक्या त्या जागी वाकलेला केस धारेचा कपचा उडवतो. हे वाचताना मला शेफील्डचा बेंजामिन हंट्समन आठवला. या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीत पूर्ण वितळवून एकजिनसी पोलाद काढलं, आणि पुढे शेफील्डचे नामांकित वस्तरे त्याच पोलादाचे झाले. आजही हाताने वस्तरा घडवणाऱ्या कारागिराची परीक्षा मुठीवरच्या नक्षीत होत नाही. त्याने पात्याला पाणी किती समतोल दिलं यावर ती ठरते. विकत घेताना पातं सपाट काचेवर ठेवून पाहा. ते डुगडुगत असेल तर घेऊ नका. झोलिंगेनचा शिक्का दिसला म्हणून भुलूही नका. हे नाव कोणी लावावं याचा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे, तरी नकली शिक्क्यांचा माल बाजारात येतोच.

आता दाढी. केस पाणी शोषून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून आंघोळीनंतरची वेळ उत्तम. ब्रशने फेस दाट करावा, डाव्या हाताने कातडी ताणावी आणि पात्याला त्याच्या वजनानेच उतरू द्यावं. पोकळ पोटाचं पातं खुंट कापताना बारीक खरखरतं. ही खरखर कानाला फार गोड लागते, आणि कोन चुकला की ती लगेच बदलते. सरळ हात नीट जमेपर्यंत उलटा हात मारू नये. शेवटी ओल्या चेहऱ्यावरून तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला. आपल्या हाताखाली गिऱ्हाईक कुठे अंग चोरतं, ते स्वतःच्या गालावर इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे कळणार? या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती मनापासून उपभोगावीत.

पावसाळी हवेत साध्या पोलादाला रात्रीत तांबेरा चढतो. पातं कोरडं पुसून तेलाचा हलका हात द्या, आणि न्हाणीघरात ठेवू नका. जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल आणि तिला कापरासारखा वास येऊ लागला, भेगा पडू लागल्या, तर पातं तिच्यातून सोडवा. कुजणारं सेल्युलॉइड शेजारचं पोलाद खातं.

धार लावण्याच्या रीती प्रत्येक घराण्यात थोड्या वेगळ्या होत्या. कुणाकडे पाणी, कुणाकडे तेल. पट्ट्यावरचे हातही वेगवेगळे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या लिहून पाठवा, दगड कुठला होता तेही कळवा. आम्ही त्या छापू.