भोंग्यानंतरचा दीड तास

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे असं गावानं ठरवलं. हेतू मुलांच्या अभ्यासाचा, आणि तो चांगलाच आहे. मला काळजी वाटते ती मोठ्यांची. पोरं पुस्तकं उघडतील, बापानं काय करायचं? माझं ऐकाल तर भट्टीतल्या गरम खाऱ्या शेंगा आणाव्यात, पोरांची उजळणी उरकली की पत्ते काढून पाच-तीन-दोन मांडावं. तिघं पुरतात. अठ्ठीपासून वरची सगळी पानं आणि दोन सत्त्या, अशी तीस पानं. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, वाटणाऱ्यानं दोन. ज्याचे हात कमी पडतात त्याची पानं पुढच्या डावात ओढली जातात, आणि आपला एक्का धाकट्या लेकीनं बरोब्बर ओढला की थोरामोठ्यांचाही तोल जातो. (लबाडी शेंगा खाणाऱ्या हातानं करू नये, पानाला मीठ लागतं.) शहरातल्या सोसायट्यांना असा भोंगा जास्त गरजेचा आहे, पण तिथल्या सभा पार्किंगच्या विषयापुढे सरकतच नाहीत.